कोल्हा जोड शोधतो : परसातल्या चौदा कोंबड्यांचं एक प्रकरण

घराच्या मागे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद परस. एका कडेला जमिनीपासून हातभर उचललेलं लाकडी खुराडं, तीन बाजूंना षटकोनी घरांच्या पातळ जाळीचं कुंपण, चौथ्या बाजूला घराची भिंत. कुंपणाची उंची सव्वा मीटर, वर काही नाही. पलीकडे झुडपांची रांग आणि तिच्यामागे पडीक जमीन. तेरा कोंबड्या आणि एक कोंबडा या परसात दोन वर्षं सुखरूप होते, त्यामुळे बंदोबस्त पुरेसा आहे असा घरच्यांचा समज झाला होता. खरं तर त्या दोन वर्षांत बंदोबस्ताची परीक्षाच झाली नव्हती.

आधी एक कोंबडी नाहीशी झाली. चार पिसं सोडली तर मागे काहीच नव्हतं. घारीने नेली असेल, कुत्र्याने नेली असेल, कुठे तरी खुडूक बसली असेल, असे तर्क झाले आणि विषय मागे पडला. आठवड्याने पहाटे दुसरा हल्ला झाला. पाच कोंबड्या मरून पडल्या होत्या, तीन गायब. उरल्या चार कोंबड्या आणि कोंबडा, तेही खुराड्याच्या छपरावर उडून बसले म्हणून. मला बोलावणं आलं तोवर घरातल्या दादांनी नव्या जाळीचा रोल आणून ठेवला होता. कुंपण दोन मीटर उंच करायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

रोल उघडू नका एवढं त्यांना सांगितलं आणि आधी कुंपणाच्या बुडाशी फेरी मारली.

पुरावा काय सांगत होता

मेलेल्या पाचांपैकी चौघींच्या मानेवर आणि खांद्यावर दातांच्या खोल खुणा होत्या, दोघींची डोकी नव्हती, बाकी अंग शाबूत. कुत्रा असता तर पाठ आणि मांड्या फाडलेल्या दिसल्या असत्या, आणि जाळीही कुठे तरी धडकेने वाकलेली असती. मुंगसाएवढा लहान प्राणी मुठीएवढ्या भोकातून आत येतो, पण पूर्ण वाढलेल्या तीन कोंबड्या उचलून नेणं त्याच्या ताकदीबाहेरचं. शिकारी पक्षी उजेडात येतो, एकच पक्षी धरतो आणि जिथे खातो तिथे उपटलेल्या पिसांचं रिंगण सोडतो. इथे पिसांचे झुबके थोड्याथोड्या अंतरावर, जवळपास सरळ रेषेत, झुडपांकडे गेलेले. म्हणजे पक्षी तोंडात धरून नेला होता, खाल्ला दुसरीकडे. जाळीच्या एका बाहेर आलेल्या टोकाला केसांचा पुंजका अडकला होता, बुडाशी राखाडी, टोकाला तांबूस. ओल्या मातीत उमटलेलं पाऊल जेमतेम पाच सेंटीमीटर लांब आणि अरुंद, पुढची दोन बोटं इतकी पुढे की त्यांच्या आणि मागच्या गादीच्या मधून फुली आखता यावी. कुत्र्याच्या ठशात बहुधा एवढी मोकळी जागा मिळत नाही.

कोल्हा, यात शंका उरली नाही. (कोल्हा म्हणताना यापुढे खोकडही त्यात धरा; बंदोबस्त दोघांना एकच लागतो.)

घरातल्या आजींना एक गोष्ट फार लागली होती. “खायचंच नव्हतं तर पाच जणींना मारून का टाकलं हो त्याने?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचं उत्तर बंदोबस्ताशी थेट जोडलेलं आहे. रानात कोल्ह्याने एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात, शिकार तिथेच संपते. बंद जागेत बाकीचे पक्षी पळू शकत नाहीत, फडफडत राहतात, आणि फडफड चालू आहे तोवर शिकारीची प्रेरणा शमत नाही. मारून झालं की तो एकेक नेऊन मातीत पुरतो, पुढच्या दिवसांची बेगमी. इथे तीन नेऊन झाल्या, तेवढ्यात घरातला दिवा लागला, म्हणून पाच मागे राहिल्या. यातून दोन गोष्टी निघतात. अर्धवट बंदोबस्त कधीकधी उघड्या परसापेक्षाही घातक ठरतो, कारण तो कोंबड्यांना आत अडकवतो आणि कोल्ह्याला अडवत नाही. आणि हा प्राणी परत येणार हे नक्की. त्याच्या लेखी काम अर्धं राहिलं आहे.

आता मुख्य प्रश्न: आत आला कुठून? दादांना वाटत होतं वरून. सव्वा मीटर कोल्ह्याला अवघड नाही हे खरं, दोन मीटरची कुंपणंही तो चढून जाऊ शकतो. पण वरच्या तारेवर केस नव्हते, खांबांवर नखांचे ओरखडे नव्हते. मागच्या कोपऱ्यापासून दीडेक मीटरवर, झुडपाच्या आडोशाला, जाळीखालून माती उकरलेली सापडली. खड्डा वीतभर रुंद, खोली त्याहून कमी. एवढ्या उथळ खड्ड्यातून कोल्हा आत कसा गेला ते बाहेरून पाहून कळेना. आत जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. त्याच ठिकाणी कुंपणाला लागून कोंबड्यांची धुळीत लोळायची जागा होती. कोरडी, भुसभुशीत माती. रोज लोळून, पायाने उडवून त्यांनी तिथे घमेल्याएवढा खळगा केला होता आणि जाळीची खालची कड त्या खळग्यावर अधांतरी लोंबत होती. अर्धं भुयार कोंबड्यांनीच खणून ठेवलं होतं. कोल्ह्याने बाहेरच्या बाजूची थोडी माती काढली आणि सैल जाळी नाकाने उचलली. जाळीची एकही तार तुटलेली नव्हती.

कोल्ह्याच्या बंदोबस्तात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच बाब. बहुतेक वेळा तो जाळीशी झुंजत नाही. कुंपणाच्या कडेकडेने नाक लावत जातो आणि जिथे दोन गोष्टी एकमेकांना मिळतात तिथे थांबतो: जाळी आणि जमीन, जाळी आणि भिंत, दार आणि उंबरा, एक रोल संपून दुसरा सुरू होतो ती जागा. बहुतेक प्रौढ तांबड्या कोल्ह्यांचं वजन पाच ते सात किलोंच्या आसपास असतं. दाट केसांमुळे प्राणी मोठा दिसतो, आतून सडपातळ असतो, आणि दहा सेंटीमीटरची फट त्याला पुरू शकते.

वेळेचाही प्रश्न होता. खुराड्याचं छोटं दार रात्री बंद असायचं. पण दादा कामावर अंधारातच निघायचे आणि जाता जाता दार उघडून जायचे, म्हणजे वहिनींना उठल्यावर एक काम कमी. कुंपण आहे, मग हरकत काय, असा सरळ हिशेब. कोल्ह्याची सगळ्यात जास्त हालचाल संध्याकाळी आणि पहाटे असते, आणि पिल्लं वाढवायच्या दिवसांत तो भर दिवसाही फिरतो. दार उघडल्यापासून उजाडेपर्यंतचा तासभर त्याला आयता मिळत होता.

वाचलेल्या चार कोंबड्यांपैकी एक गप्प गप्प होती, खात नव्हती. हातात घेऊन पिसं उलट्या दिशेने फुंकरल्यावर पंखाखाली दातांची दोन भोकं दिसली, वरून काही कळत नव्हतं. हल्ल्यानंतर जिवंत पक्षी एकेक करून असे तपासावेच लागतात. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पक्षी वेगळा ठेवला नाही तर रक्त दिसताच बाकीच्या टोचून टोचून हाल करतात. प्राण्याच्या तोंडातले जंतू खोल जातात, त्यामुळे असा पक्षी पशुवैद्यकाला दाखवणं बरं. ही जगली.

पर्याय तपासले ते असे

कुंपण उंच करणं आधीच बाद झालं होतं. आजींनी कुत्रा बांधायला सांगितलं. मी म्हटलं, “आजी, बांधलेला कुत्रा भुंकतो, आणि दोरी कुठवर पोचते ते कोल्हा दोन रात्रींत शिकतो.” लुकलुकणारे दिवे, रेडिओ, केसांच्या किंवा वासाच्या पुड्या यांचं मोल काही दिवसांपुरतं. नवीन गोष्टीला कोल्हा बिचकतो, मग सरावतो. दुसरा पक्का उपाय उभा राहीपर्यंत हे वापरावं, त्याच्या जागी नाही. सापळा किंवा विष हा विषयच नको. अनेक देशांत ते बेकायदा आहे, विष कुणाच्या पोटात जाईल याचा भरवसा नाही, आणि एक कोल्हा गेला की रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा येतो. तोवर खुराडं तसंच कच्चं.

विजेच्या जाळीचा विचार मात्र गांभीर्याने केला. मीटर-सव्वामीटर उंचीची, आडव्या तारांतून झटका देणारी जाळी मोठ्या मोकळ्या जागेसाठी उत्तम काम करते. कोल्हा नवी वस्तू नाकाने तपासतो आणि ओल्या नाकावर बसलेला झटका लक्षात ठेवतो. पण तारेत किमान तीन हजार व्होल्ट टिकायला हवेत, चार-पाच हजार असले तर उत्तम, आणि तिथेच सगळं अडतं. गवताचं एक पातं तारेला टेकलं की दाब गळतो, जमीन कोरडी ठक्क असली की अर्थिंग नीट मिळत नाही, बॅटरी उतरली की उरते नुसती दोरी. ज्या घरात दार बंद करायची वेळ पाळली जात नव्हती तिथे रोज व्होल्ट मोजले जातील असं मला वाटलं नाही. दादांनाही वाटलं नाही, आणि ते त्यांनी हसत कबूल केलं.

मग ठरलं ते असं: सगळं परस राखायचा नाद सोडायचा. खुराड्याला लागून चार मीटर लांब, तीन मीटर रुंद असं जाळीचं आवार बांधायचं, चारी बाजूंनी आणि वरून बंद. एका कोंबडीला आवारात किमान एक चौरस मीटर धरला तर बारा चौरस मीटरमध्ये दहा पक्षी बऱ्यापैकी राहतात. बाकीचं परस फक्त घरचं माणूस बाहेर असताना उघडायचं. वहिनींना सुरुवातीला वाईट वाटलं, कोंबड्यांना कोंडल्यासारखं होईल म्हणून. मोकळं आणि सुरक्षित यांत निवड करायची वेळ येते तेव्हा बारा चौरस मीटर नीट सजवलेली जागा मी बिनधास्त निवडतो.

जाळी, चौकट आणि खिळे

जुनी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी आहे, बाहेरच्याला अडवण्यासाठी नाही. चार्ल्स बर्नार्ड नावाच्या इंग्रज लोहव्यापाऱ्याने १८४४ मध्ये कापड विणण्याच्या यंत्रावरून सुचलेल्या पद्धतीने ती बनवली. बारीक तारा पीळ देऊन गुंफलेल्या. जस्ताचा थर गेला आणि गंज चढला की ती दातांनी, नखांनी सुटते. मागवली ती वेल्डमेश, म्हणजे जिथे तारा एकमेकींना छेदतात तिथे सांधलेली जाळी: २५ मिलिमीटरचा चौकोन, १६ गेज, तार साधारण १.६ मिलिमीटर जाडीची. (गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, दुकानात इथेच गफलत होते.) जमिनीपासून साठ सेंटीमीटरपर्यंत तिच्यावर १३ मिलिमीटर चौकोनाची बारीक जाळी आणखी एक. ती कोल्ह्यासाठी नाही. मोठ्या चौकोनातून लहान उंदीर शिरतात आणि बाहेरचा पंजा आत जातो.

चौकट लाकडाची, उंची २.१ मीटर. एवढी उंची कोल्ह्यासाठी नको होती, माणसासाठी हवी होती. ज्या आवारात वाकून जावं लागतं ते झाडलं जात नाही, आणि जिथे कुणी आत जात नाही तिथली सुटलेली तार कुणाला दिसत नाही. खांब लावताना जाळीच्या रोलची रुंदी आधी मोजली आणि खांबांमधलं अंतर तिच्यावरून ठरवलं, म्हणजे प्रत्येक जोड लाकडावरच येतो. एका ठिकाणी ते जमलं नाही. तिथे दोन जाळ्या एकमेकींवर दहा सेंटीमीटर चढवून बांधणीच्या तारेने दर चौकोनाआड आवळल्या.

जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने ठोकली. हे उलट केलेलं मी फार ठिकाणी पाहिलं आहे, कारण आतून ठोकली की बाहेरून लाकूड छान दिसतं. पण बाहेरून रेटा बसला की आतली जाळी खिळ्यांतून उपटते. बाहेरची जाळी तोच रेटा लाकडावर घेते. आणि स्टेपल गनच्या पिना इथे चालत नाहीत, त्या ऊन-पावसात लाकूड आकसलं-फुगलं की बोटानेही निघतात. रुंद वॉशर घालून स्क्रू, वीतभर अंतरावर. झाल्यावर दादांना प्रत्येक चौकटीच्या बुडाशी गुडघा टेकवून अंगाचा भार टाकायला सांगितला. एका जागी जाळी दोन बोटं मागे गेली, तिथे आणखी तीन स्क्रू पडले.

जमिनीलगतचं काम

दादांची तयारी चर खणायची होती. जाळी उभी पुरायची तर तीस ते पंचेचाळीस सेंटीमीटर खोल जावं लागतं आणि इथे मागच्या बाजूला झुडपांची मुळं जाळ्यासारखी पसरली होती. त्यामुळे जाळीचा पदर घातला. कुंपणाच्या बुडाशी जाळी काटकोनात वाकवायची, तीस सेंटीमीटर वर आवाराच्या उभ्या जाळीला आणि साठ सेंटीमीटर बाहेर जमिनीवर सपाट. वरची तीन-चार सेंटीमीटर माती गवतासकट उचलून ठेवली, पदर अंथरला, सळईचे यू आकाराचे खुंटे फूटभर अंतरावर ठोकले आणि माती परत घातली. गवत चौकोनांतून वर आलं की पदर जमिनीला शिवल्यासारखा बसतो.

पदर का चालतो? कोल्हा अडथळ्याच्या अगदी बुडाशी उकरतो. पुढे वाट बंद आहे, खाली माती आहे, म्हणून खाली. दोन-चार ओरखड्यांत जाळी लागते. तो थोडा सरकून पुन्हा बुडाशीच उकरतो, पुन्हा जाळी. दोन पावलं मागे जाऊन साठ सेंटीमीटर लांबीचं भुयार खणावं हे त्याला सहसा सुचत नाही. सहसा, कायम नाही. म्हणून तीस सेंटीमीटरच्या पदरावर मी समाधान मानत नाही.

या कामात एक जागा हमखास राहून जाते, ती बाहेरच्या कोपऱ्यांची. एका बाजूचा पदर कोपऱ्यापर्यंत येऊन थांबतो, दुसऱ्या बाजूचाही तिथेच थांबतो, आणि दोघांच्या मध्ये बाहेरच्या अंगाला साठ बाय साठ सेंटीमीटरचा चौकोन उघडा पडतो. उभं राहून पाहिलं तर काम पूर्ण दिसतं. वरून गवत आलं की अजिबातच कळत नाही. प्रत्येक कोपऱ्यासाठी वेगळा तुकडा, लगतच्या दोन्ही पदरांवर दहा सेंटीमीटर चढेल एवढा मोठा कापून बांधला. घराच्या भिंतीकडच्या बाजूला पदराची गरज नव्हती, तिथे फरशी होती. पण फरशी आणि भिंत यांच्यामधला तीन बोटांचा पट्टा मातीचा होता. तो सिमेंटने भरला.

खुराड्याखालची हातभर पोकळी आजवर उघडीच होती. कोल्ह्याला पावसापासून आडोसा आणि डोक्यावर जुनी फळी, निवांत कुरतडायला. तीही चारी बाजूंनी जाळी लावून बंद केली आणि तळाच्या दोन मऊ पडलेल्या फळ्या बदलल्या.

छत आणि दार

छतावर तीच २५ मिलिमीटरची जाळी, खुराड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यावर पत्रा. पत्र्याखाली दाणा-पाणी कोरडं राहतं आणि रानपक्ष्यांची विष्ठा त्यात पडत नाही. पक्ष्यांच्या साथींच्या दिवसांत ही गोष्ट कोल्ह्याइतकीच महत्त्वाची. जिथे बर्फ पडतो तिथे जाळीच्या छताला जास्त आडवे वासे लागतात, कारण ओला बर्फ तारांवर साचत जाऊन अख्खं छत खाली ओढतो.

दारावर सगळ्यात जास्त वेळ गेला. ते बाहेर उघडणारं ठेवलं आणि चौकटीला आतून पट्टी मारली, म्हणजे बाहेरून ढकललं तर दार पट्टीवर आणखी घट्ट बसतं. जुन्या दाराला मध्यावर एकच कडी होती. ती लावून मी खालच्या कोपऱ्याला बुटाने रेटलं तर दार पिळलं आणि मुठीएवढी फट पडली. नव्या दाराला दोन कड्या, एक वर, एक गुडघ्याच्या खाली, आणि दोन्हींच्या भोकात स्प्रिंगचा हुक. नुसती उचलून पाडायची कडी नाकाने उडवता येते. जिथे रॅकूनसारखे हाताने काम करणारे प्राणी आहेत तिथे साधी कडी म्हणजे उघडं दारच. उंबऱ्याखाली दगडी लादी पुरली, दार आणि उंबरा यांत एक बोट जाईल एवढंच अंतर ठेवलं.

खुराड्याचं कोंबड्यांसाठीचं छोटं दार वर सरकणारं आहे. ते पंज्याने उचललं जाऊ नये म्हणून खाली खोबणी केली, बंद झालं की कड तिच्यात बसते. वहिनींनी टायमरच्या दाराबद्दल विचारलं. चांगली वस्तू आहे, पण ती मोजत नाही. एखादी कोंबडी उशिरा आली तर दार तिच्या तोंडावर बंद होतं. आता बाहेर बंदिस्त आवार असल्यामुळे अशा कोंबडीचा जीव जाणार नाही, एवढा फरक पडला आहे. म्हणून टायमर बसवला आणि दिवेलागणीला टॉर्च घेऊन दांडीवरचे पक्षी मोजायचं काम घरातल्या धाकट्या मुलीकडे गेलं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती दांडीवरून हलत नाही, त्यामुळे मोजणं सोपं. कोल्ह्याचं काम सोपं होतं तेही याच कारणाने.

पुढे काय झालं

कोपऱ्यावर हालचाल टिपणारा कॅमेरा लावला होता. आवार पुरं झाल्यावर काही रात्रींतच कोल्हा आला. चित्रफितीत तो घाईत दिसत नाही. नाक जमिनीला लावून पूर्ण फेरी मारतो, जुन्या भुयाराच्या जागी थांबतो, उकरतो, थांबतो, हातभर सरकून पुन्हा उकरतो. मग सरळ कोपऱ्यावर जातो. सकाळी तिथे पदराची तार उघडी पडलेली, वर नखांचे चार-पाच समांतर ओरखडे, खाली माती जशीच्या तशी. दाराच्या उंबऱ्याशीही थोडी माती उडवली होती. कुंपणाच्या मधल्या सरळ लांबीला त्याने पाऊलही लावलं नव्हतं. नंतरच्या फेऱ्या विरळ आणि आखूड होत गेल्या.

एका रात्री तो पत्र्यावर चढला. आत काही झालं नाही, पण डोक्यावर पावलांचा आवाज होत राहिल्याने कोंबड्या बिथरल्या आणि काही दिवस अंडी बंद झाली. पत्र्याच्या कडेपर्यंत पोचलेली झुडपाची फांदी छाटली, तेव्हापासून वर कुणी आलेलं नाही.

नव्या अडचणी वेगळ्या जातीच्या निघाल्या. आधी बारा मीटर परसात विखुरणारी विष्ठा आता एका आवारात साचू लागली, गवत संपलं, पावसात चिखल झाला. लाकडाच्या ढलप्यांचा वीतभर थर टाकला, अधूनमधून खालीवर करायचा. कोंबड्या ते काम स्वतःच बरंचसं करतात. धुळीत लोळायची जागा पत्र्याखाली, कडेपासून मीटरभर आत, जुन्या टायरमध्ये माती-राख घालून करून दिली, म्हणजे कुंपणाच्या बुडाशी पुन्हा खळगा नको. उंदरांनी मात्र एका रात्रीत दाण्याच्या भांड्याची वाट काढली, कारण उंदीर कोल्ह्यापेक्षा चिकाटीने खणतो. त्यावर जाळी वाढवून उपयोग नाही, भांडं रात्री उचलून डब्यात ठेवायचं.

विजेची तार तूर्त लावलेली नाही. सगळं परस पुन्हा दिवसभर उघडायचं ठरलं तर आवाराच्या नाही, परसाच्या जुन्या कुंपणाच्या बाहेरून दोन तारा लागतील: एक जमिनीपासून पंधरा-वीस सेंटीमीटरवर, नाकाच्या उंचीला, आणि एक माथ्यावर. तोवर वहिनी दुपारी कपडे वाळत घालायला बाहेर येतात तेव्हा दार उघडतात आणि आत जाताना दाणे वाजवून सगळ्यांना परत घेतात.

पाच नव्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणायच्या आहेत, म्हणजे पक्षी दहा होतील आणि तिथेच थांबायचं. त्यांना आधी तीन-चार आठवडे जुन्यांपासून लांब, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं ठरलं आहे, रोगाच्या खात्रीसाठी. मग काही दिवस आवारातच मधे जाळी घालून. त्याआधी दोन कामं बाकी आहेत. पावसात दाराचं लाकूड फुगून खालची कडी अडकायला लागली आहे आणि घाईच्या वेळी ती तशीच सोडली जाते, हे दोनदा दिसलं; तिथे रंधा मारून घ्यायचा. आणि उत्तरेच्या कोपऱ्यातला पदराचा तुकडा गवत कापताना पात्यात येऊन दोन चौकोन तुटले आहेत, तो पूर्ण बदलायचा.